डाव्या बाजूची चाकं

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. टेंपोवाल्या मिशाळकाकांबरोबर पोत्यात गुंडाळून दोन चाकं पाठवली आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की अख्खं गॅरेज ऐकतं, म्हणून चिठ्ठी चाकाच्या आऱ्यांत अडकवली.

मालकांच्या ज्या गाड्या मी सांभाळतो, त्यात एक नवीन स्पोर्ट्स कार आली आहे. पिवळी, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की उतरताना माणूस रांगतच बाहेर येतो. चाकं ही मोठाली आणि वर टायर नुसता पट्ट्याएवढा. जरा खड्डा लागला की मार थेट चाकालाच. परवा धुऊन एक चक्कर मारायला काढली आणि नेमकी खड्ड्यात गेली. दोन चाकं वाकली. आता वेग घेतला की स्टिअरिंग थंडी वाजल्यासारखं थरथरतं.

मालक परदेशी गेले आहेत, मार्च संपताना येतील. त्यांना कळायच्या आत सरळ करून पाठवाल का? दादा असता तर त्याला सांगितलं असतं. पण वहिनीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा.

बाकी ठीक. मुंगीचा अभ्यास चालू आहे. तेराव्या वर्षी पोरी धाडधाड चालतात म्हणे, ही उलटी. मांजरासारखी शेजारी येऊन उभी राहते आणि मी दचकतो. काल तिच्यापायी चहा सांडला.

तुमचा धाकटा दीर

११ फेब्रुवारी

भावजी,

चाकं सरळ करून परत पाठवते आहे. आसावर चढवून फिरवली, कडेशी धरलेली सुई आता कुठे घासत नाही. वेळ लागला, कारण मी घाई करत नाही. पाण्याचा थेंब नाचेल इतकंच तापवते आणि जॅकला पाव पाव फेरा देते. घाईत सरळ केलेलं चाक सरळ दिसतं आणि आतून तडकलेलं असतं. ही दोन्ही तडकलेली नाहीत, उजेडात फिरवून बघून घेतली.

चाकांच्या आत तुम्ही रंगाने ओढलेल्या रेघा दिसल्या. डावीकडच्या चाकाला रेघ, उजवीकडच्याला ठिपका, खूण केल्याशिवाय चाक काढायचं नाही. मामंजींनी तुम्हा दोघा भावांना लावलेली शिस्त. तुमचे दादा दुसऱ्याच्या सायकलीचं चाक काढतानासुद्धा आधी रंगाचा डबा शोधायचे. रेघा बघून बरं वाटलं. जरा वेळ काम बाजूला ठेवलं.

एक विचारते, राग मानू नका. खड्ड्यात चाक गेलं की आतली कड वाकते. ही दोन्ही बाहेरून वाकली आहेत आणि बाहेरूनच खरवडली आहेत. फुटपाथच्या दगडावर चढलं की असं होतं. मालकांना काय सांगायचं ते सांगा. मला खरं सांगितलंत तर बरं.

मी ठीक आहे. तुमच्या दादांचे हातमोजे वापरते. बोटं लांब पडतात, टोकाला कापूस भरला आहे.

वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही पोलिसात असायला हव्या होतात. हो, फुटपाथ होता. दगड रस्त्यात एवढा पुढे आणून ठेवला आहे की कुणाचंही चाक चढेल. खड्डा म्हणालो कारण खड्ड्याला कुणी नावं ठेवत नाही.

चाकं झकास झाली. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालते. चालत होती, असं म्हणायला हवं. सोबत आणखी एक चाक पाठवतो आहे. हसू नका. गॅरेजच्या फाटकातून आत घेताना खांबाला लागलं. त्या फाटकातून गेली कित्येक वर्षं मी ट्रकसुद्धा काढले आहेत. गाडीच रुंद आहे, दुसरं काय. तोवर जुनं जादा चाक लावून उभी केली आहे.

इथल्या पोरांना चेष्टेला विषय मिळाला. एक म्हणतो, उस्तादांना खांब आवडतो, भेटल्याशिवाय आत येत नाहीत. मी म्हटलं, तुझ्या बायकोपेक्षा खांब गोड बोलतो. हसले सगळे. मीही हसलो.

मुंगीची परीक्षा झाली, निकाल पंधरवड्यात. मालक जाताना म्हणाले होते की पहिली आली तर एक दिवस तिला पिवळीतून फिरवून आण. तेव्हापासून ती गाडीकडे स्वतःचीच असल्यासारखी बघते.

तुमचा धाकटा दीर

६ मार्च

भावजी,

हेही बाहेरून वाकलं आहे. आणि याच्यावरही रेघ आहे.

सरळ विचारते. तुम्ही पिता का? तुमच्या दादांनी कधी थेंब घेतला नाही, तुम्हीही घेत नव्हता. पण माणसाचं काय सांगावं. पीत असाल तर मला सांगा, जाऊबाईंना मी सांगणार नाही. माझ्या कानांमुळे मला कुणी गुपितं सांगत नाही. कागदावर सांगायला हरकत नाही.

की कुणाला धडक दिलीत? तसं असेल तर तेही सांगा. चाक हातात घेऊन मी ते धुतलं आणि धुताना पाण्याचा रंग बघत होते. ब्रेकची तांबडी धूळच होती. तरी पुन्हा एकदा धुतलं.

वहिनी

१४ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी पीत नाही. कुणालाही धडक दिलेली नाही. रात्रीबेरात्री पुस्तकं वाचून तुमच्या डोक्यात नको ते येतं, असं दादा म्हणायचा ते खोटं नव्हतं. एक खांब, एक फुटपाथ, झालं. गाडी नवी, सवय नाही. तुम्हीच विचार करा, हात आणि डोळे एवढ्यावर माझं घर चालतं. ते शाबूत नसते तर मालकांनी एवढी गाडी माझ्या ताब्यात दिली असती?

आता चांगली बातमी. मुंगी वर्गात पहिली आली. पुढच्या रविवारी, २२ तारखेला, सकाळी तिला नदीच्या रस्त्याने पुलापर्यंत नेऊन आणणार. ही माहेरी गेली आहे, तिच्या आईचं गुडघ्याचं दुखणं आहे, म्हणून आम्ही दोघंच. तसंही त्या गाडीत तिसरं माणूस मावत नाही. मुंगीने माझा गॉगलसुद्धा आत्तापासून ढापला आहे.

तेव्हा चाक शनिवारपर्यंत नक्की पाठवा. आणि आता तरी जरा हसा. पोरगी बोलता बोलता अशी बाजूला उगवते की परवा मी तिला म्हटलं, तू भिंतीतून येतेस का गं?

तुमचा धाकटा दीर

१८ मार्च

भावजी,

चाक तयार आहे. मी ते पाठवत नाही.

कारण सांगते. शेवटपर्यंत वाचा, मधेच चुरगाळू नका.

तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. तुमचे दादा शेवटच्या वर्षी मला रोज हेच विचारायचे. तू कुठून उगवलीस? मी त्यांच्या शेजारी ताट ठेवायची आणि ते दचकायचे. मी म्हणायची, बहिरी मी आणि दचकता तुम्ही. आम्ही दोघं हसायचो. पाण्याचा तांब्या कितीदा लवंडला. मी तो उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायला लागले. तेव्हा लवंडायचा थांबला. का थांबला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पत्र वाचून झाल्यावर मी वर बघितलं. आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर खुंट्यांची रांग आहे, तुम्हाला आठवत असेल. त्यांच्या जुन्या जीपची वाकलेली चाकं ते तिथे टांगायचे. रस्ते बिघडलेत गं, सवडीने करीन, म्हणायचे. सवड मिळाली नाही. ते गेल्यापासून मी त्या चाकांना हात लावला नव्हता. काल स्टूल घेतलं आणि एकेक खाली काढलं. आतली धूळ पुसली. रेघ. पुढचं काढलं. रेघ. सगळी पुसली, भावजी. एकाही चाकावर ठिपका नाही.

आणि ते गेले त्या दिवशी चौकात तो टँकर डावीकडून आला होता. टँकरवाला बेफाम होता, असं सगळे म्हणाले. मीही म्हणत आले. पण ज्यांनी बघितलं ते असंही म्हणाले होते की जीपवाल्याने ब्रेक दाबलाच नाही. सरळ चालत गेला, जणू त्या बाजूला काही नव्हतंच.

वाचनालयातल्या बाईंकडून डोळ्यांवरचं पुस्तक आणलं. मला सगळं समजलं नाही, जेवढं समजलं तेवढं सांगते. समोरचं लख्ख दिसतं, सुईत दोरा ओवता येतो, आणि कडेची नजर थोडी थोडी आत येत जाते. दुखत नाही. अंधारही दिसत नाही, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. आणि हे भावाभावांत असू शकतं. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझी चूक होत असेल. तशी झाली तर मी तुमच्या गॅरेजात येऊन सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन आणि त्या पोरांना खुशाल हसू देईन.

एवढंच करा. भिंतीवरच्या एका खिळ्यासमोर बसा. खिळ्यावरून नजर काढायची नाही. मुंगीला चमचा द्या आणि तुमच्या पाठीमागून, डाव्या बाजूने, हळूहळू पुढे आणायला सांगा. दिसला की बोला. मग उजव्या बाजूने तसंच. दोन्हीकडे सारखाच दिसला तर मी स्वतः चाक घेऊन येते.

त्या गाडीत तुम्ही उजवीकडे बसता. मुंगी डावीकडे बसेल.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

तुमचं दुःख मला समजतं. पण तुमच्या दुःखाने माझी भाकरी काढून घेऊ नका. डोळ्यांत काही आहे असा शब्द जरी या गॅरेजात फुटला, तरी उद्यापासून मी झाडू मारणार, तोही कुणी दया केली तर. दादाचं नशीब त्याच्याबरोबर गेलं. माझ्या गळ्यात ते बांधू नका.

खिळा आणि चमचा घेऊन मी बसणार नाही. मुलीसमोर तर नाहीच.

चाक ठेवा तुमच्याकडे, टांगा खुंटीवर. भंगारवाल्याकडे एक मिळालं आहे, जरा ठोकून बसतं. रविवारचं ठरलं आहे ते ठरलं आहे.

धाकटा

२१ मार्च, शनिवार

भावजी,

तुमचं पत्र आज मिळालं. हे तुम्हाला रविवारच्या आधी मिळणार नाही, मिशाळकाका सोमवारी निघतात. तरी लिहिते आहे, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

तुमच्या गावाची गाडी सकाळीच सुटून गेली होती, दुसरी उद्या. म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दुकानात गेले आणि त्याला तुमच्या घरचा फोन लावायला सांगितला. तिकडून उचलल्याची खूण त्याने केली तशी मी बोलायला लागले. मी म्हटलं, मी काकू बोलते आहे, उद्या त्या गाडीतून जाऊ नका, त्यांना डावीकडचं दिसत नाही. तीनदा म्हटलं. कानात नुसती गुणगुण. पलीकडे कोण होतं, काय म्हणालं, की फोन ठेवूनच दिला, मला काही कळलं नाही. औषधवाल्याला मी रिसीव्हर देईपर्यंत तिकडून बंद झाला होता. दुकानातली माणसं माझ्याकडे बघत होती. मी फार मोठ्याने बोलत असणार.

ठोकून बसवलेल्या चाकाचीही मला भीती वाटते. पण ती लहान भीती आहे.

घरी येऊन तुमच्या चाकाला पुन्हा आसावर चढवलं आणि उगाच फिरवत बसले. सुई कुठेच घासत नाही. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही आणि त्याचा आता काय उपयोग. उद्या सकाळी तुम्ही कोणत्या वेळेला निघणार हे तुम्ही लिहिलं नाहीत. म्हणजे मला सकाळभर घाबरावं लागेल.

वहिनी

२४ मार्च

वहिनी,

आधी हे: आम्ही दोघं घरी आहोत, धडधाकट आहोत. आता सगळं सांगतो.

रविवारी गेलो. गाडी थोडी थरथरत होती, भंगारातल्या चाकामुळे, म्हणून वेग घेतला नाही. मुंगी गप्प होती. एरवी तिच्या तोंडाला कुलूप नसतं. खिडकीशी नाक लावून सारखी डावीकडेच बघत होती. मला वाटलं, नदी बघते आहे.

पुलाच्या अलीकडे जिथे गल्ली येऊन मिळते, तिथे ती किंचाळली. "बाबा, सायकल!" मी ब्रेक दाबला. मला सायकल दिसली नव्हती. ब्रेक दाबल्यावरही दिसली नाही. गाडी थांबली, मी मान पूर्ण वळवली तेव्हा मुंगीच्या दारापाशी एक पाववाला खाली पडलेला दिसला. त्याचे पाव रस्ताभर. हँडलचं टोक दाराला टेकलेलं. नशिबाने त्याला खरचटलंसुद्धा नाही. त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. म्हणाला, "आंधळा आहेस का रे?"

मी त्याच्याशी भांडलो, वहिनी. गल्लीतून असं अचानक यायचं असतं का, म्हणालो. तो म्हणाला, "अचानक कसला, त्या झाडापासून घंटी वाजवत तुझ्या बरोबरीने येतोय." मी झाडाकडे बघितलं. झाड चांगलं लांब होतं.

घरी आलो. मी मुंगीला म्हटलं, तू बघितलीस म्हणून वाचलो. ती म्हणाली, "मी तेवढ्यासाठीच बसले होते."

फोन तिने उचलला होता. तुमचं सगळं तिने ऐकलं होतं. ती तुम्हाला "काकू, मी आहे, मला कळलं" असं सांगत राहिली आणि तुम्ही परत पहिल्यापासून सांगत राहिलात. शेवटी तिला रडू आलं आणि तिने फोन ठेवला. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही रागाने एकटे गेला असता. मग डावीकडे कोण बघणार?"

मी तुमचं चमच्याचं पत्र शोधून काढलं.

मग मी खुर्ची भिंतीसमोर घेतली. कॅलेंडरच्या खिळ्याकडे बघत बसलो. तिला म्हटलं, आधी उजवीकडून आण. आणला, लगेच दिसला. चमचा नाही, चमच्यावर पडलेला उजेड दिसला. मला जरा धीर आला. म्हटलं, आता डावीकडून. वाट बघितली. ती काही आणेना. मला वाटलं घाबरली. म्हटलं, "आण ना गं आता."

ती म्हणाली, "बाबा, केव्हाचा धरलाय."

खिळ्यावरून नजर काढली नाही मी. तुम्ही सांगितलं होतंत. तिला म्हटलं, पुढे आण. अजून पुढे. मला पहिल्यांदा तो दिसला तेव्हा जवळजवळ माझ्या नाकासमोर होता.

पिवळीची किल्ली मी मालकांच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. ते आले की काय सांगायचं ते मला माहीत नाही. ही उद्या येते, तिला काय सांगायचं तेही माहीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली आहे. वहिनी, मी आयुष्यात कशाला घाबरलो नाही असं सगळ्यांना सांगत आलो. आता रस्त्यावरून चालताना माझ्या त्या बाजूला काय आहे हे मला माहीत नसतं, आणि ते आत्ताच नाही, गेलं वर्षभर माहीत नव्हतं. त्या वर्षभरात मी किती गाड्या चालवल्या ते आठवायला बसलो आणि उठलो.

दादाला कुणी सांगितलं नाही. मला सांगितलंत.

तुम्ही याल का?

तुमचा धाकटा

२५ मार्च

भावजी,

पत्र मिशाळकाकांनी स्वतः हातात आणून दिलं. पहिली ओळ वाचली आणि तीच दारात उभी राहून पुन्हा वाचली. ते बिचारे थांबले आहेत, आजच परत निघतात, ही चिठ्ठी त्यांच्याच हाती देते.

येते. उद्याच्या सकाळच्या गाडीने, दुपारी पोहोचते. गुरुवार उद्याच आहे, तेव्हा स्टँडवरूनच डॉक्टरांकडे जाऊ. जाऊबाई आजच येत आहेत, त्यांना सगळं सांगा, अर्धंमुर्धं नको. मालकांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू. डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत नाही आणि खोटा धीर मला देता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही, असं त्या पुस्तकात आहे. उरलेली राखता येते, असंही आहे. तेवढं पान मी कोपरा दुमडून ठेवलं आहे. वाचनालयातल्या बाई रागावतील.

चाक बरोबर आणते, ते मालकांचं आहे. वर्कशॉपमध्ये आसापाशी बसून करायचं काम पुष्कळ आहे. तिथे चाक समोर असतं, बाजूला काही नसतं. पण ते नंतर बोलू.

मुंगीला सांगा, तिने फोनवर जे सांगितलं ते काकूला आता मिळालं.

स्टँडवर गर्दी असेल. खांबापाशी उभे राहा, हलू नका. मी उजवीकडून येईन.

वहिनी